घरात कोण पळून राहिला?

यंदा मंडईचे दिवस आले आणि त्यांच्यासोबत ती लेन्सही परत आली.

धान निघून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या की आमच्या भागात गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. आज एका गावची, परवा शेजारच्या गावची, असं करत दिवाळीपासून थंडी भरात येईपर्यंत माणसं एकमेकांच्या घरी जेवत फिरतात. लेकी माहेरी येतात, जावई सपरीत, घरापुढच्या ओसरीत, बसून चहाची वाट पाहतात. माझी लेक प्रज्ञा पुण्याला असते. नोकरी लागल्यापासून तिला फिरण्याचं वेड लागलंय, आणि फिरायचं म्हटलं की फोटो आले. संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकते आणि नेमका तेव्हा तिचा फोन वाजतो. "आई, लेन्स सतरा-पन्नास घेऊ की चोवीस-सत्तर?"

मी गोंदियातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कॅमेऱ्याचं बटण मी आयुष्यात धड दाबलेलं नाही. पण हा प्रश्न मला तोंडपाठ आहे. त्याची सगळी उत्तरं पाठ आहेत, आणि त्यातल्या एकाही उत्तरानं कोणाचं समाधान होत नाही, हेही पाठ आहे. तिच्या बाबांनी, मिलिंदनं, हाच प्रश्न एक अख्खा हिवाळा आमच्या घरात पाहुण्यासारखा ठेवून घेतला होता. तो जेवायला आमच्यासोबत बसे, सकाळी आमच्यासोबत उठे. मिलिंदला जाऊन आता तीन वर्षं होतील. पाहुणा मात्र परत आलाय.

ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅमेऱ्यासोबत जी लेन्स मिळते ती उन्हात चांगली, सावलीत बरी आणि घरात जवळजवळ आंधळी असते. तिचं भोक लहान. कमी उजेडात तिला फोटो उमटवायला वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा माणूस हलतो आणि चेहऱ्याचा लगदा होतो. मोठ्या भोकाची लेन्स तेवढाच उजेड झटकन आत घेते, म्हणून तिला म्हणायचं फास्ट. त्यातही मोठ्या भोकाचा आकडा लहान असतो आणि लहान भोकाचा मोठा. हे शास्त्र कोणी उलटं धरून लिहिलं कोण जाणे. मिलिंदला फास्ट लेन्स हवी होती. पण ती झूमही हवी होती, म्हणजे जवळचं माणूस आणि जरा लांबचं झाड दोन्ही घेणारी, आणि शिवाय प्रवासात त्याच्या शबनम पिशवीत मावणारी. फास्ट झूम म्हटली की ती पायलीएवढी व्हायची, धान मोजायच्या पायलीएवढीच, आणि तेवढीच जड. हलकी शोधली की ती अंधारात निकामी. एकीत हे नाही, दुसरीत ते नाही. तो शाळेतून येई, चहा घेई आणि कॉम्प्युटरसमोर बसे. जगभरातल्या अनोळखी माणसांनी आपापल्या लेन्सबद्दल केलेल्या तक्रारी तो वाची, आणि पानं हळूहळू उघडत असताना मला त्या मराठीत सांगे.

तो भूगोल शिकवायचा. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे घरात मी त्याला तू म्हणे आणि केशोरीला सासरी गेलं की अहो. पण माझी सहनशक्ती संपली की गोंदियातही तोंडून अहो निघायचं. त्या हिवाळ्यात मी फार वेळा अहो म्हटलं.

केशोरीचं घर मी आत्ता डोळे मिटून सांगू शकते. पुढे सपरी, मागे एक लांबट खोली, तिच्या टोकाला चूल. खिडकी एकच, तीही हाताच्या पंजाएवढी. सपरीतून आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू पितळेचं भांडं दिसतं, भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब दिसतात, आणि शेवटी चुलीजवळ बसलेलं माणूस. त्या हिवाळ्यात बाहेर कापलेल्या धानाची पुंजणं रचलेली होती, अंगणभर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, कोवळा कडवट वास होता, आणि दुपार कलली न कलली तोच उजेड काढता पाय घ्यायचा. मिलिंदला त्याच खोलीतले फोटो हवे असत. फ्लॅश त्याला खपत नसे. माणसाच्या तोंडावर बॅटरी मारून त्याला हस म्हणायचं, हे त्याला असभ्य वाटे. म्हणून तो माझ्या सासऱ्यांना चुलीजवळ बसवायचा, हलू नका म्हणायचा, श्वास रोखून बटण दाबायचा आणि मग कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत बघून तोंड वाईट करायचा.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. आयुष्यभर दोन बांध्या कसून त्यांनी मुलाला शिकवलं. बोलणं सरळ. एकदा मिलिंद त्यांना समजावू लागला की हा दोष माझ्या हाताचा नाही, आपल्याला फास्ट लेन्स पाहिजे. मामाजींनी शांतपणे खोलीभर नजर फिरवली.

"घरात कोन पळून राहिला?" ते म्हणाले. "मी बसून आहो, गाय बांधून आहे, बाई सयपाक करून राहिली. मंग फास्ट कायले पायजे?"

मी चुलीकडे तोंड करून हसले. मिलिंदनं फास्टचा अर्थ पुन्हा सांगितला, भोक, उजेड, आकडा, सगळं. मामाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मग तिला मोठ्या भोकाची म्हण ना, फास्ट काऊन म्हणतोस. मी कोशात पाहिलं, मराठीत तिला धड शब्दच नाही.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण मामाजींचं एक काम त्या लेन्सला बांधलं गेलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावातली मंडळी गाडी करून अजिंठ्याला गेली होती, तेव्हा मामाजीही गेले. शेवटाकडच्या एका लेण्यात बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले आहेत, महापरिनिर्वाणाचे. भिंतीच्या कडेनं लांबच लांब दगडाचं शरीर. मामाजी त्यांच्यापुढे बसले आणि सोबतच्या एकानं रिळाच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. आत फ्लॅश चालत नाही. फोटो धुऊन आला तो काळाकुट्ट. मध्ये धोतराचा एक पांढरा ठिपका. शेजारचे दयाराम तो फोटो पाहून म्हणाले, हा तं अमावास्येचा फोटो आहे बापा. तेव्हापासून केशोरीत कोणी अजिंठ्याचं नाव काढलं की दयाराम अमावास्येची आठवण काढत आणि सपरीत हशा होई. मामाजी हसत नसत. त्यांना पुन्हा जायचं होतं, तिथेच बसायचं होतं, आणि या खेपेस बुद्धांचा चेहरा आणि स्वतःचा चेहरा एका फोटोत पाहायचा होता. गुडघे उतरणीला लागले होते. डॉक्टरांनी पायऱ्या कमी करा सांगितलं होतं. म्हणजे जायचं तर याच हिवाळ्यात.

आणि मिलिंद म्हणे, लेन्स आली की जाऊ.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आजही कोणी "अमुक झालं की जाऊ" म्हटलं तर माझ्या कपाळावर आठी येते. दिवाळी गेली. मंडया सुरू झाल्या. आम्ही या गावाहून त्या गावाला जेवत फिरलो आणि प्रत्येक घरी लेन्सची चर्चा झाली. आमच्याकडे लेन्सची एकच परीक्षा माहीत आहे, ती किती दूरचं दाखवते. माझा भाऊ म्हणाला, भाऊजी, नवेगावच्या तळ्यातला पक्षी आला पाहिजे, नाहीतर पैसे पाण्यात. मिलिंद म्हणाला, मला पक्षी नको, मला खोलीत बसलेला माणूस पाहिजे. भावानं माझ्याकडे पाहिलं. गोंदियाच्या स्टुडिओवाल्यानंही काउंटरवर कोपर टेकून तेच सांगितलं. "सर, ये तो दूर तक जाता ही नहीं. शादी में फ्लॅश मारो, काम खतम." मिलिंद त्याच्याशी वाद घालत राहिला आणि मी दुकानाबाहेर ऑटोंचा धूर खात उभी राहिले. घरी येताना त्यानं विचारलं की, वजन थोडं जास्त असलं तर मला चालेल का. जणू ती माझ्या गळ्यात बांधायची होती.

खरं म्हणजे निर्णय न घेण्यात त्याला एक सुख होतं, असं मला आता वाटतं. वस्तू घेतली की ती एकच होते. घेतलेली नसते तोवर सगळ्याच लेन्स आपल्या, आणि सगळेच फोटो अजून चांगले यायचे असतात. हे कळायला मला उशीर लागला, आणि कळून राग कमी झालेला नाही.

शेवटी एका दुपारी लायब्ररीतून अर्धी सुटी घेऊन मी स्टेशनवर गेले, रिझर्वेशनच्या रांगेत उभी राहिले आणि कोल्हापूरच्या गाडीची जळगावपर्यंतची तीन तिकिटं काढली. प्रज्ञाची दहावी होती, ती माझ्या आईकडे राहणार होती. तिकिटं मी कॉम्प्युटरच्या कळांवर ठेवली. मिलिंदनं ती उलटून पालटून पाहिली आणि इतक्या दुःखी आवाजात "लेन्सशिवाय?" म्हटलं की मला हसावं की ओरडावं कळेना.

"अहो," मी म्हणाले, "त्यांचे गुडघे लेन्ससाठी थांबणार नाहीत."

गाडी गोंदियाहूनच सुटते, त्यामुळे खिडकीची जागा मिळाली होती. मामाजी नवं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून ताठ बसले होते. नागपूर मागे पडेपर्यंत मिलिंद रुसून खिडकीबाहेर पाहत होता. मग वर्ध्याच्या पुढे ऊन कलायला लागलं आणि त्याला राहवलं नाही. त्यानं आम्हाला सांगितलं की आपण पश्चिमेला जातोय, म्हणून आजचा दिवस थोडा लांबणार. आपण राज्याच्या पूर्व टोकाची माणसं; आपल्याकडे उजेड आधी येतो आणि आधी जातो. मामाजी म्हणाले, मंग असंच जात राहू. प्रज्ञा आता पुण्याहून फोन करते तेव्हा तिच्या खिडकीत अजून ऊन असतं आणि माझ्याकडे दिवा लागलेला असतो. तिला ते लक्षात येत नाही. मला दर वेळी येतं.

अजिंठ्याला पायऱ्यांपाशी डोलीवाले आले. मामाजींनी खुर्चीकडे पाहिलं, ती उचलणाऱ्या चौघांकडे पाहिलं. "चौघायच्या खांद्यावर एक दिवस जायचंच आहे," ते म्हणाले. "आतापासून सवय कायले?" आणि मिलिंदचा दंड धरून चालू लागले. ठिकठिकाणी बसत, पाणी पीत, आम्ही त्या लेण्यापर्यंत पोचलो तेव्हा ऊन दरीच्या पलीकडच्या अंगाला गेलं होतं. आत शिरल्यावर केशोरीच्या खोलीसारखंच झालं. आधी काही नाही. वटवाघळांचा वास, गार दगड. मग डाव्या हाताला एक पाऊल दिसलं, मग वस्त्राची चुणी, मग फार लांबवर उशीवर टेकलेला चेहरा. आपले डोळेही काही फास्ट नसतात.

बुद्धांच्या खाली, मंचाच्या कडेला, लहान लहान माणसं कोरली आहेत. कोणी हातात डोकं धरलंय, कोणी मान खाली घातलीय. मामाजींनी विचारलं हे कोण. मिलिंदनं सांगितलं की भिक्खू आहेत, शिष्य, शोक करताहेत. मामाजी वाकून एकेकाकडे पाहत राहिले.

"इतकी वर्षं समजावलं त्यायले," ते म्हणाले, "तरी रडूनच राहिले."

त्या वाक्यावर आम्ही तिघं हसलो. मला ते वाक्य नंतर पुष्कळ दिवस कामाला आलं. कामाला आलं म्हणजे त्यानं रडणं थांबलं असं नाही.

फोटोचं आता सांगते. तिकाटणं, कॅमेरा ठेवायचं तीन पायांचं स्टँड, आत नेऊ देत नाहीत. मिलिंदनं मामाजींचा दुपट्टा घेतला, त्याची घडी करून समोरच्या खांबाच्या पायथ्यावर ठेवली आणि त्यावर कॅमेरा टेकवला. मामाजी बुद्धांच्या चेहऱ्याच्या बाजूला मांडी घालून बसले, मी त्यांच्या शेजारी. मिलिंद म्हणाला, लेन्स स्लो आहे, फार वेळ उघडी राहील, कोणी हलायचं नाही. मामाजींना हे सांगावं लागत नव्हतं. धान राखत रात्र रात्र मचाणावर बसलेला माणूस तो. मग मिलिंदच्या मनात काय आलं कोण जाणे. एरवी तो कधी फोटोत येत नसे, पण त्यानं कॅमेऱ्याचं ते आपोआप बटण लावलं आणि म्हणाला, थांबा, मीही येतो.

कॅमेरा टिकटिक करू लागला आणि नेमकी तेव्हाच कुठल्याशा शाळेची रांग मधून जायला लागली. मुलं, मग बाई, मग मागे राहिलेली दोन मुलं. भूगोलाचे सर त्या रांगेला वाट देत सभ्यपणे उभे. मी ओरडले, अहो, या ना. ते धावले. टिकटिक थांबली. तेवढ्यात रखवालदार आला आणि लेणं बंद व्हायची वेळ झाली म्हणून सगळ्यांना बाहेर काढू लागला. दुसरा फोटो झाला नाही.

गोंदियाला परतल्यावर त्याची मोठी प्रत काढून आम्ही केशोरीला गेलो. मामाजींनी ती घेतली आणि सपरीच्या कडेला, उजेडात जाऊन बसले. बुद्धांचा चेहरा स्वच्छ आला होता, मिटलेल्या पापणीसकट. मामाजींचाही, कपाळावरच्या रेघांसकट. दोघंच नीट आले होते. माझ्या चेहऱ्याला दोन कडा होत्या आणि तोंड उघडं, त्यातला अहो जवळजवळ ऐकू येत होता. आणि उजवीकडून एक करडा फराटा आत आला होता. खाली चपलेसारखं काही, वर चष्म्याची एक चमक, मध्ये धूर. त्यातून मागच्या भिंतीचा दगड दिसत होता.

मामाजी खूप वेळ समाधानानं पाहत होते. दयारामांना हाक मारून झाली, दयारामांनी पौर्णिमा झाल्याचं मान्य केलं. मग मामाजींनी त्या फराट्यावर बोट ठेवलं.

"अन् हा कोन पळून राहिला?"

सगळ्यात आधी मिलिंदच हसला. हसता हसता म्हणाला, म्हणूनच सांगत होतो, फास्ट लेन्स पाहिजे.

ती त्यानं पुढेही घेतली नाही. नवी निघाली की तिच्याबद्दल वाचायचा, जुनीचा भाव उतरायची वाट पाहायचा, मला विचारायचा, आणि मी चिडायचे. असे आणखी काही हिवाळे गेले. मग एका मार्चमध्ये, भर दुपारी, शाळेच्या पायऱ्यांवर तो खाली बसला आणि उठला नाही. डोळे दिपतील इतकं ऊन होतं. त्या उजेडात कुठलीही लेन्स चालली असती.

पुण्यानुमोदनाला, गेलेल्या माणसाच्या नावानं करतात त्या वंदनेला, फोटो लागतो. शोधायला बसले तर घरभर त्यानं काढलेले फोटो आणि त्यात तो कुठेच नाही. शेवटी स्टुडिओवाल्याला ओळखपत्रावरचा चेहरा दिला. त्यानं न विचारता त्याला काळा कोट आणि लाल टाय घातला, मागे निळं आभाळ लावलं. जन्मात ज्यानं कोट अंगाला लावला नाही त्याला. शोकातही माणूस किती संतापू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. केशोरीला तो फोटो मांडला तेव्हा मामाजींनी त्याच्याकडे पाहून मला हळूच विचारलं, "हा कोन सायेब होय?" मग ते उठले, आतल्या खोलीतला अजिंठ्याचा फोटो भिंतीवरून काढून आणला आणि कोटवाल्याच्या शेजारी टेकवून ठेवला. आलेले लोक फुलं वाहताना विचारत, यात मिलिंद कुठे आहे. मामाजी बोट ठेवून दाखवत. नंतर कोटवाला फोटो मी गोंदियाला आणून कपाटात ठेवला. अजिंठ्याचा तिथेच आहे.

परवा केशोरीच्या मंडईला गेले होते. मामाजी आता सपरीतून फारसे उठत नाहीत. आतल्या खोलीत मी भात बसवला होता, तणसाचा तोच वास, उजेड तसाच निघायच्या घाईत. प्रज्ञाचा फोन आला. ती पुढच्या आठवड्यात येणार आहे, आजोबांचे फोटो काढायचेत, त्याच खोलीत, फ्लॅशशिवाय. आणि त्यासाठी सतरा-पन्नास घेऊ की चोवीस-सत्तर. दुसरी चांगली आहे पण जड आहे. की थांबू, नवी येणार आहे म्हणतात.

थांबू हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी सपरीत गेले आणि फोन मामाजींच्या कानाला लावला. तिनं त्यांनाही सगळं सांगितलं असावं, भोक, आकडा, वजन, कारण ते बराच वेळ नुसते हुं हुं करत होते. मी वाट पाहत होते त्या जुन्या प्रश्नाची. घरात कोण पळून राहिला. तो त्यांनी विचारला नाही. त्यांची मान दाराकडे वळली होती. आत, अंधारात, अजिंठ्याच्या फोटोची काच तेवढी चमकत होती.

"माय," ते फोनमध्ये म्हणाले, "फास्टवालीच घे. अन् फास्ट घे."